व्हिनाइलवरचा डाग: घासण्याआधी दोन मिनिटं

आमच्या हॉलमधल्या व्हिनाइलच्या फरशीवर तीन डाग कायमचे बसले. त्यातला एक रंगपंचमीचा. उरलेले दोन मी स्वतः, अजाणतेपणी पाडलेले.

नाशकात खरा रंग खेळतात तो पंचमीला. जुन्या नाशकातल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, त्या दिवशी उघडतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. पुतण्या तिवंधा चौकातल्या रहाडीतून थेट आमच्याकडे आला, ओल्या पायांनी घरभर फिरला, चहा प्यायला आणि गेला. मागे रंगीत पावलं. मी घाबरून रंगकामातून उरलेला थिनर काढला. रंग गेला, आणि त्याच्यासोबत व्हिनाइलवरची लाकडाची नक्षीही गेली. तळहाताएवढा पांढुरका, चिकट पट्टा उरला. सोफ्यामागचं एक पाऊल मात्र चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते तिथेच मुरलं. तिसरा डाग दाराशी आहे, पायपुसण्याच्या आकाराचा पिवळा चौकोन. त्याची गोष्ट पुढे येईल.

व्हिनाइल आम्ही टाकलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की शहाबादी फरशी पायाला चावते. जुनी फरशी न फोडता वर काहीतरी टाकायचं तर व्हिनाइल सोयीचं. बाजारात कुणी त्याला पीव्हीसी कार्पेट म्हणतं, कुणी नुसतं मॅट. रोलमध्ये येतं, पट्ट्यांमध्ये येतं, एकमेकांत अडकवायच्या फळ्यांमध्येही येतं. साफ करण्याची रीत सगळ्यांची जवळपास एकच.

आधी हे समजून घ्या

व्हिनाइल म्हणजे थरांचं सँडविच. खाली आधाराचा थर, त्यावर छापलेली नक्षी आणि नक्षीवर पारदर्शक पीव्हीसीचं संरक्षक कवच. घरगुती मालात हे कवच मिलीमीटरचा अंशच असतं, अनेकदा अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. तुमच्या घासणीचं सगळं भांडण याच कवचाशी. ते खरवडलं की बारीक चरे पडतात, चऱ्यांत धूळ बसते आणि फरशी कायमची मळकट दिसू लागते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. त्यामुळे तेलकट आणि तेलात विरघळणारे रंग त्यात हळूहळू झिरपतात. शहाबादीवर हळद सांडली तर ती छिद्रांत बसते. व्हिनाइलमध्ये ती थेट प्लॅस्टिकातच शिरते. म्हणून इथे जोर लावून काही साधत नाही. डाग कशात विरघळतो ते शोधावं लागतं.

डाग दिसला की मी आता तीन गोष्टी बघते.

पहिली, नख फिरवते. नखाला उंचवटा लागला तर डाग वरवरचा आहे. तो खरवडून किंवा भिजवून निघेल.

दुसरी, कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन डागाच्या एका कडेवर मिनिटभर नुसता टेकवून ठेवते. कापसाला रंग लागला तर डाग वरच्या थरात आहे, आशा आहे. कापूस कोरा निघाला तर तो खोल गेलाय किंवा खालून वर आलाय.

तिसरी, डागाचा आकार बघते. सांडलेल्या वस्तूचा डाग वेडावाकडा असतो, त्याला ओघळ असतात. चौकोनी, गोल किंवा सरळ रेघेतला पिवळेपणा म्हणजे वर ठेवलेल्या वस्तूची करणी. जागोजागी उमटलेले गुलाबी किंवा काळसर ढग म्हणजे खालून आलेली ओल.

कपाटात काय ठेवायचं

भांडी घासायचं लिक्विड, खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, मेडिकलमधलं स्पिरिट (आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल), हायड्रोजन पेरॉक्साइड, कापूस, जुने सुती बनियन फाडून केलेली फडकी आणि एक बाद झालेलं एटीएम कार्ड. पेरॉक्साइडच्या बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी घालून ते अर्ध्यावर आणायचं.

लांब ठेवायच्या गोष्टींची यादी मोठी आहे. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर हे पीव्हीसी मऊ करून विरघळवतात, त्याचा पुरावा आमच्या हॉलमध्ये आहे. पेट्रोल आणि संडास साफ करायचं ॲसिडही नको. भांड्यांची पावडर, हिरवी घासणी, तारेची घासणी, काथ्या यांनी चरे पडतात. वाफेचा मॉप नको, कारण वाफेने खालचा गोंद सुटतो. आणि काळं फिनाइल तर मुळीच नको. ते कोळशाच्या डांबरातून निघालेल्या तेलांचं बनतं, आणि डांबराच्या जातीचं काहीही व्हिनाइलला पिवळं करतं. उन्हाळ्यात रस्त्यावर नवं डांबर पडलं की चपला बाहेर काढायच्या त्या याचसाठी. चुकून ठिपका आलाच तर लगेच खोबरेल तेल लावून पुसायचा आणि मग साबणाच्या पाण्याने तेल काढायचं.

एक गोष्ट जिवाशी खेळ आहे, म्हणून वेगळी सांगते. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबू, ब्लीच आणि ॲसिड एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनियाचं काही असेल तर तेही ब्लीचमध्ये नको. एकाने जमलं नाही तर पाण्याने दोनदा पुसून मगच दुसरं वापरायचं.

कोणत्याही डागासाठी क्रम

सौम्यापासून सुरुवात, हे पक्कं. साधं पाणी, मग लिक्विडचं कोमट पाणी, मग सोड्याची पातळ पेस्ट, मग स्पिरिट, आणि अगदी शेवटी पेरॉक्साइड. प्रत्येक नवी वस्तू आधी कपाटामागे किंवा फ्रिजखाली रुपयाएवढ्या जागेवर लावायची, दहा मिनिटं थांबायचं, पुसून चकाकी गेली का ते तिरप्या उजेडात बघायचं. दुकानातली बाई किंवा भाऊ काहीही सांगोत, ही चाचणी चुकवायची नाही.

घट्ट काही सांडलं असेल तर कार्डाच्या कडेने उचला. पातळ असेल तर फडकं दाबून टिपा, पसरवू नका. औषध फरशीवर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत येत पुसायचं, नाहीतर डागाला चंद्रासारखं खळं पडतं. फडक्याची बाजू दर वेळी बदलायची, कारण मळलेल्या बाजूने तुम्ही तोच रंग परत लावत असता. पाच मिनिटं भिजू द्यायचं, साध्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं. हे दोन-तीनदा करणं एकदा जोर लावण्यापेक्षा बरं.

हळद आणि तर्री

नाशकात राहून फरशीवर मिसळ सांडली नाही असं घर सापडणं अवघड. रविवारी तर्री पार्सल आणायची, पिशवी सोडताना ती एकदा तरी कलंडते. तर्रीच्या डागात दोन भांडणं असतात: तेलाचं आणि रंगाचं. आधी तेल मिटवायचं. कागदाने टिपून घ्या, मग लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून पुसा. इथे बरेच जण कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा आणतात आणि पिवळा डाग विटकरी लाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं, म्हणून तसं होतं. डाग वाढलेला नसतो, पण बघणारा घाबरून आणखी घासतो. खायच्या सोड्यानेही हळद थोडी लालसर होऊ शकते, म्हणून हळदीला वरच्या क्रमातली सोड्याची पायरी गाळायची.

तेल गेलं की स्पिरिट. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज. बोळा टेकवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, उचलायचा, नवा बोळा घ्यायचा. पहिले तीन-चार बोळे पिवळेजर्द निघतात. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी.

तरी फिकट पिवळं राहिलंच तर पेरॉक्साइडमध्ये भिजवलेलं फडकं डागावर ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद, अर्धा तास. हातात मोजे घाला. आणि एक फुकटचा उपाय: कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. डाग खिडकीच्या टप्प्यात असेल तर दोन-तीन दिवस पडदा उघडा ठेवा. बरंच काम ऊन करून टाकतं. त्याहून जास्त दिवस नको, कारण तेच ऊन पुढे नक्षी फिकी करतं आणि तापलेल्या व्हिनाइलच्या पट्ट्या फुगून सांध्यातून वर येतात.

देवघरासमोरच्या कुंकवाला वेगळी काळजी. पारंपरिक कुंकू म्हणजे हळदीला चुन्यासारखं क्षार लावून लाल केलेलं, आणि हल्लीच्या कुंकवात निव्वळ रंग असतो. दोन्हींचा नियम एक: कोरडं असताना पाणी लावायचं नाही. कुंकू, गुलाल, रांगोळी सांडली की आधी व्हॅक्यूम किंवा मऊ कुंचल्याने उचलायची, शेवटचा कण चिकटपट्टीने टिपायचा. मग स्पिरिट. ओल्या फडक्याने सुरुवात केली की चिमूटभर कुंकू हातभर पसरतं. दिवाळीतल्या रांगोळीसाठी मी आता व्हिनाइलवर आधी जुनं कॅलेंडर चिकटवते. रंगपंचमीच्या पावलांना याच पद्धतीने लगेच स्पिरिट लावलं असतं तर पट्टा पडला नसता, हे मला वर्षभराने कळलं.

द्राक्षं

जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे घराघरात द्राक्षांच्या पेट्या. पिंपळगाव नाहीतर दिंडोरीकडून कुणीतरी पाठवतंच, आणि काळी द्राक्षं पायाखाली चिरडतातच. त्यांच्या सालीतला जांभळा रंग लिटमससारखा वागतो. आंबटात लालसर, क्षारात निळा-हिरवा. म्हणून सोडा टाकलात तर जांभळ्याचा शाई-निळा होईल. आधी गार पाण्याने साखर काढायची, नाहीतर जागा चिकट राहून तिथे काळी धूळ बसते. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपायचं, उरलंच तर पेरॉक्साइड. ताजा डाग सहसा दुसऱ्या पायरीलाच जातो.

गंज

गॅस सिलिंडरचं कडं, लोखंडी ट्रंकेचे पाय, पलंगाचे खूर. गंजाला ब्लीच लावायची हौस अनेकांना असते, पण ब्लीचने गंज आणखी पक्का होतो. त्याला हलकं आम्ल लागतं. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, त्यात भिजवलेला कापूस डागावर दहा मिनिटं, मग दोनदा साध्या पाण्याने पुसायचं. जुन्या गंजाला हे दोन-तीन दिवस लागोपाठ करावं लागतं. सिलिंडर चाकांच्या ट्रॉलीवर ठेवला की प्रश्नच मिटतो.

बाकीचे, भराभर

बुटांचे काळे ओरखडे शाळेच्या खोडरबराने जातात. बॉलपेन आणि मार्कर स्पिरिटने. मेण आणि च्युइंगगमवर बर्फाची पिशवी ठेवून कडक करायचं, कार्डाने उचलायचं. मेंदीचा लगदा पुसून पसरवू नये. कार्डाने लगेच उचलावा, मग स्पिरिट. नेलपॉलिश मात्र वाळू द्यायचं आणि कार्डाने टवका काढायचा. रक्ताला गारच पाणी, गरम नाही. स्टिकरचा गोंद खोबरेल तेलाने सैल होतो. केसांचा डाय मात्र सांडल्या मिनिटाला पुसायचा. तो हवेत रंग धरत जातो, आणि एकदा धरला की तुम्ही आणि फरशी दोघांनी त्याची सवय करून घ्यायची.

जो डाग जाणार नाही तो ओळखा

आता दाराशी असलेला पिवळा चौकोन. त्याच्यावर मी लिंबू, सोडा, पेरॉक्साइड, देवाचा धावा, सगळं केलं. नंतर कळलं की तो डाग नाहीच. पायपुसण्याच्या खाली रबर होतं. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि तिथे पिवळा-तपकिरी रंग तयार होतो. तो प्लॅस्टिकच्या आत असतो, वरून काही लागू होत नाही. फ्रिजच्या पायाचं रबर, खुर्चीची बुचं, गच्चीवरून आत घेतलेल्या सायकलचं चाक, सगळ्यांची हीच तऱ्हा. सासूबाईंच्या काठीचं काळं रबरी बूचही आम्ही बदललं, कारण काठी एकाच भिंतीशी टेकवून ठेवायची त्यांची सवय आहे आणि ती सवय बदलण्यापेक्षा बूच स्वस्त. पायपुसणं विणलेल्या सुताचं घ्या, मागे रबराचा लेप नसलेलं. फर्निचरच्या पायांना लोकरी फेल्टच्या टिकल्या चिकटवा.

दुसरा न जाणारा डाग खालून येतो. जुन्या वाड्यांत आणि तळमजल्यांवर कोब्यातून पावसाळाभर ओल वर येते. व्हिनाइल तिला बाहेर पडू देत नाही, मग खाली बुरशी धरते. तिच्यातून निघणारे रंग व्हिनाइलमध्ये शिरून वर गुलाबी किंवा जांभळट ढग दिसतात. सोबत कुबट वास असतो. हे वरून पुसत बसू नका. कोपरा उचलून बघा. व्हिनाइल अजून टाकायचं असेल तर आधी एक सोपी परीक्षा: हातभर जाड प्लॅस्टिक कोरड्या फरशीवर चारही कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली दव जमलं किंवा फरशी काळसर पडली तर आधी ओलीचा बंदोबस्त, नंतर व्हिनाइल. ही परीक्षा ऑगस्टमध्ये करावी. मार्चमध्ये प्रत्येक वाडा कोरडा ठणठणीत असतो.

रोजची निगा

व्हिनाइल खराब होतं ते डागांपेक्षा जास्त रेतीने. दारातून आलेला प्रत्येक कण पायाखाली सँडपेपरचं काम करतो. म्हणून रोज झाडून घेणं पुसण्याहून महत्त्वाचं. मऊ फुलझाडू चालतो, खराटा नाही. पावसाळ्यात चिखलाची पावलं उमटली तर वाळू द्या, झाडून घ्या, मग पुसा. ओला चिखल रगडला की रेतीही रगडली जाते.

पुसण्यासाठी पाच लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा छोटा अर्धा चमचा, बस्स. त्यापुढे जाऊन फेस काढला की साबणाचा थर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि आपल्याला वाटतं साबण कमी पडला. हे चक्र आमच्याकडे दोन वर्षं चाललं. आमच्या मावशींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या हसल्या, "ताई, एवढ्याशा थेंबानं फरशी निघते होय?" मी त्यांच्यासमोर हॉल अर्धा त्यांच्या पद्धतीने, अर्धा माझ्या पद्धतीने पुसून घेतला आणि दोन्हीकडे अनवाणी चालायला सांगितलं. त्यांच्या बाजूला तळपाय चिकटत होते. तेव्हापासून बाटलीचं झाकण त्याच मोजतात, आणि आता मीच जास्त ओतते म्हणून त्या मला बोलतात.

तुमच्याकडेही फरशी मेणचट झाली असेल तर पाच लिटर पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घालून एकदा पुसा, मग साधं पाणी. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थरही यानेच जातो. महिन्यातून एकदा पुरे, रोज व्हिनेगर लावून चकाकी मंदावते. मेण किंवा पॉलिश लावायचं म्हणाल तर हल्लीच्या व्हिनाइलवर वरचा लेप तयारच असतो. त्याला पॉलिश लावलं की फरशी निसरडी होते, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर तो धोका कशाला घ्यायचा?

फडकं किंवा मॉप घट्ट पिळलेला हवा. पाणी सांध्यातून आणि भिंतीकडच्या फटीतून खाली जातं, गोंद सोडवतं आणि कडा वळतात. बालदी लवंडली तर आधी कडा कोरड्या करा, मधला भाग नंतर. शेवटी एक हात कोरड्या फडक्याचा. पंखा लावून वाळवतात तेही चालतं, पण बोअरचं पाणी असेल तर ठिपके उमटतात.

जळकं किंवा विरघळलेलं असेल तर

उदबत्तीचा निखारा, इस्त्री, थिनर. यांना औषध नाही, ठिगळ आहे. रोल टाकताना उरलेला तुकडा सांभाळून ठेवला असेल तर उत्तम. नसेल तर कपाटाखालून कापून घ्यायचा. तुकडा खराब जागेवर ठेवून नक्षी जुळवायची, टेपने घट्ट चिकटवायचा आणि स्टीलची पट्टी लावून धारदार कटरने दोन्ही थर एकदमच कापायचे. म्हणजे भोक आणि ठिगळ तंतोतंत एकाच मापाचे निघतात. काप शक्यतो नक्षीतल्या फळीच्या रेघेवरून घ्यावा, तिथे सांधा लपतो. मग जुना तुकडा काढायचा, खालचा कचरा आणि गोंद साफ करायचा, व्हिनाइलचा गोंद पातळ लावून ठिगळ बसवायचं आणि बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसायचा. वर कागद, कागदावर सपाट फळी, फळीवर वजन, एक दिवस. आमच्याकडे गव्हाचा डबा होता. पुढचे दोन दिवस तिथे ओलं फडकं नको.

थिनरचा पट्टा असाच झाकला. कपाटाखालचा तुकडा हॉलपेक्षा अर्धी छटा गडद निघाला, कारण त्याने पाच वर्षं ऊन पाहिलेलं नव्हतं. पुतण्या आला की नेमका त्याच्यावर उभा राहतो.